जुन्या बोटीचा तळ नंतर पाहा, आधी बोजा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुनी बोट घेताना काय पाहावे, हा विषय निघाला की बोलणे इंजिनाचे तास, तळाला आलेले फोड, शाफ्टचा खेळ आणि डेकखाली मुरलेले पाणी एवढ्यावरच संपते. हे सगळे पाहायलाच हवे. पण इंजिन बिघडलेले निघाले तर खर्च होतो. मालकी बिघडलेली निघाली तर बोटच हातची जाते, आणि पैसे ज्याच्याकडून परत मागायचे त्याचा फोन तोवर बंद लागत असतो. म्हणून या पत्रात फक्त कागद आणि बोजा यांविषयी लिहीत आहोत.

जमीन-घराच्या व्यवहारात मुरलेल्या माणसालाही एक गोष्ट चटकन पटत नाही. बोटीवरची काही देणी विकणाऱ्याच्या डोक्यावर राहत नाहीत, ती बोटीलाच चिकटतात. बोट विकली, नाव बदलले, रंग बदलला, दुसऱ्या बंदरात नेली, तरी ती देणी तिच्याबरोबर जातात. नव्या मालकाला काहीच ठाऊक नव्हते, त्याने पूर्ण किंमत मोजली होती, हा बचाव तिथे चालत नाही. जमिनीला निदान सातबारा असतो, इतर हक्कांत बोजा चढलेला दिसतो. बोटीला असा एकच एक उतारा नसतो. काही बोजे नोंदवहीत सापडतात, काही दुरुस्तीच्या यार्डाच्या बिलांत, काही न्यायालयात, आणि सर्वांत जड बोजे कुठेच लिहिलेले नसतात.

आधी नोंदवही. विकणारा जो नोंदणी दाखला दाखवतो त्यावरून एवढेच कळते की शोध कोणत्या नोंदवहीत घ्यायचा. दाखला ज्या दिवशी निघाला त्या दिवसाची स्थिती तो सांगतो; दुसऱ्याच दिवशी गहाण चढले असेल तर त्याला ते माहीत नसते. त्यामुळे नोंदणी कार्यालयातून स्वतः अर्ज करून ताजा, प्रमाणित उतारा काढावा, विकणाऱ्याने आणून दिलेल्या प्रतीवर भागवू नये. उतारा मागताना ‘सध्याचा मालक’ एवढाच न मागता पहिल्या नोंदणीपासूनचा पूर्ण इतिहास मागावा: प्रत्येक विक्री, प्रत्येक गहाण, आणि प्रत्येक गहाणाच्या फेडीची नोंद. गहाण चढल्याची नोंद आहे पण उतरल्याची नाही, असे फार वेळा दिसते. कर्ज फिटलेले असते, बँकेने पत्रही दिलेले असते, पण ते पत्र कोणी नोंदवहीत नेऊन लावलेले नसते. अशा वेळी विकणारा खोटे बोलत नसतो, तरीही नोंद उतरेपर्यंत आपण थांबायचे. नंतर ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली की तो कागद मिळवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि तोवर ती डोकेदुखी आपली झालेली असते.

नोंदवही कशाची आहे हेही समजून घ्यावे लागते, कारण सगळ्या नोंदवह्या मालकी सिद्ध करत नाहीत. ब्रिटनचे उदाहरण यासाठी चांगले आहे. तिथल्या नोंदवहीच्या पहिल्या भागात बोटीची मालकी ६४ हिश्श्यांत मांडतात आणि गहाणही तिथे नोंदता येते. तिसरा भाग छोट्या खासगी बोटींसाठी आहे. ती नोंद मालकीचा पुरावा मानली जात नाही आणि तिच्यावर गहाण चढवण्याची सोयच नाही. म्हणजे तिसऱ्या भागातला दाखला स्वच्छ दिसला तर त्यावरून बोजा नाही असे मुळीच ठरत नाही, बोजा लिहायला तिथे जागाच नाही. पहिल्या भागातल्या बोटीचे विक्रीखत वाचताना हिश्श्यांचा आकडा पाहावा. ६४ पैकी ६४ हिश्श्यांवर सह्या हव्यात. दोन भावांच्या नावे ३२-३२ हिस्से असतील आणि एकाचीच सही असेल तर आपण अर्धी बोट घेतली, मग ती पाण्यात कितीही अख्खी दिसो.

अमेरिकेत दोन समांतर वाटा आहेत. पाच नेट टन वा त्याहून मोठ्या बोटीची नोंद तिथल्या तटरक्षक दलाच्या नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरमध्ये होऊ शकते. (हा टन वजनाचा नसतो, आतल्या जागेच्या मापाचा असतो, त्यामुळे दिसायला मध्यम बोटही त्यात बसते.) अशा बोटीचा मालकीचा गोषवारा त्या केंद्राकडून मिळतो. त्यात विक्रीखते, गहाणे, त्यांची फेड आणि कोणी आपला हक्क नोंदवला असेल तर तीही नोंद येते. बाकीच्या बोटी राज्यांच्या नोंदवहीत असतात. मालकी दाखला देणाऱ्या राज्यांत सावकाराचे नाव त्या दाखल्यावर छापलेले असते. काही राज्ये असा दाखला देतच नाहीत. शिवाय तारणाची सूचना राज्याच्या सचिव कार्यालयात वेगळी दाखल होते, ती साधारणपणे पाच वर्षे चालते आणि नूतनीकरणाने पुढे वाढते. खरी मेख अशी की ही सूचना बोटीच्या नावाने न शोधता कर्जदाराच्या नावाने शोधावी लागते. नावातले एक अक्षर चुकले तर निकाल कोरा येतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून विकणाऱ्याचे नाव ओळखपत्रावर जसे आहे तसे टाकून शोधावे, त्याच्या आधीच्या मालकाचेही शोधावे, आणि बोट कंपनीच्या नावे असेल तर कंपनी निबंधकाकडे कंपनीच्या मालमत्तेवर चढलेले बोजेही पाहावेत. कंपनीने आपल्या सगळ्या चल मालमत्तेवर कर्ज काढले असेल तर त्यात बोटही आली, बोटीचे नाव त्या कागदात कुठेही नसले तरी.

एका नोंदवहीतून दुसरीत गेलेल्या बोटीवर विशेष नजर ठेवावी. राज्य बदलले, देश बदलला, की गहाणाची नोंद मागे राहते आणि नवा दाखला कोरा करकरीत निघतो. काही जण हे मुद्दाम करतात. आधीच्या नोंदवहीतून नाव रीतसर कमी झाल्याचा दाखला मागावा. त्यात नाव कमी होताना गहाण शिल्लक होते की नव्हते ते लिहिलेले असते. विकणारा म्हणेल, ‘ही कधीच मोठ्या नोंदवहीत नव्हती.’ त्यावर विश्वास ठेवण्याआधी टॉर्च घेऊन आत उतरावे. ब्रिटनच्या पहिल्या भागातल्या किंवा अमेरिकेच्या केंद्रीय नोंदवहीतल्या बोटीचा अधिकृत क्रमांक आतल्या एखाद्या मुख्य तुळईवर वा आडव्यावर कायमचा कोरलेला किंवा बसवलेला असतो. अमेरिकेच्या नियमानुसार त्याचे आकडे किमान तीन इंच उंच लागतात. बंकच्या गादीमागे, इंजिनाच्या खोलीत पुढच्या आडभिंतीवर असा क्रमांक सापडला, किंवा रंगाच्या थराखाली त्याचा उठाव बोटाला लागला, की तो क्रमांक घेऊन थेट त्या नोंदवहीकडे जावे.

आता सांगाड्याचा क्रमांक, ज्याला सगळे ‘हल नंबर’ म्हणतात. कारखान्यात बनलेल्या बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ तो असतो. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून तो सक्तीचा आहे आणि १२ अक्षरी आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पुढे देशाची दोन अक्षरे जोडून तो १४ अक्षरी होतो. ऑगस्ट १९८४ पासूनच्या बोटींवर बारांपैकी पहिली तीन अक्षरे उत्पादकाची, पुढची पाच अनुक्रमांकाची, मग एक अक्षर महिन्याचे, एक आकडा बांधणीच्या वर्षाचा आणि शेवटचे दोन मॉडेलच्या वर्षाचे. महिन्याचे अक्षर ए म्हणजे जानेवारीपासून एल म्हणजे डिसेंबरपर्यंत चालते. समजा शेवटची चार अक्षरे ‘डी ४ ०४’ अशी आहेत: एप्रिल २००४ मधली बांधणी, २००४ चे मॉडेल. विकणाऱ्याच्या कागदावर २००९ लिहिले असेल तर बोलणे तिथेच थांबवावे. अनुक्रमांकाच्या पाच जागांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. तिथे ओ दिसला तर क्रमांक कोणीतरी घरी बसून बनवलेला आहे.

क्रमांक नुसता वाचून पुढे जाऊ नये, त्याच्या आसपासची जागा तिरप्या उजेडात पाहावी. जेलकोटची, म्हणजे बोटीवरच्या बाहेरच्या चकचकीत थराची, झळाळी तेवढ्याच चौकोनात वेगळी आहे का, सँडपेपरचे गोल ओरखडे आहेत का, पाटी असेल तर रिवेट बाकीच्या बोटीवरच्या रिवेटसारखेच जुने आहेत का, की पाटी मळकी आणि रिवेट चकचकीत आहेत? अमेरिकन नियमाने १९८४ च्या ऑगस्टपासून बांधलेल्या बोटीवर हाच क्रमांक दुसऱ्यांदा, आत न दिसणाऱ्या जागी किंवा एखाद्या फिटिंगच्या खाली टाकलेला असतो. ती जागा प्रत्येक कारखान्याची वेगळी आणि जाहीर नसते. पण उत्पादकाला किंवा चांगल्या सर्व्हेअरला विचारले तर शोधता येते. चोराला बाहेरची पाटी बदलता येते, आतली बहुधा त्याच्या लक्षात येत नाही. दोन्ही क्रमांक जुळले, ते नोंदणी दाखल्याशी जुळले, आणि विक्रीखतातही तोच क्रमांक अक्षरन् अक्षर उतरला, तर ‘बोट तीच आहे’ एवढे नक्की झाले. पोलिसांच्या चोरीच्या नोंदीत आणि विमा कंपन्यांकडे त्याच क्रमांकाने विचारणा करावी.

इंजिन आणि ट्रेलर हा वेगळाच गुंता आहे. आऊटबोर्ड इंजिन बोटीपेक्षा महाग असू शकते आणि अनेकदा ते वेगळ्या कर्जावर घेतलेले असते. काही ठिकाणी त्याचा मालकी दाखलाही वेगळा असतो. इंजिनाच्या ब्लॉकवरचा क्रमांक आणि कंसावरच्या स्टिकरवरचा क्रमांक दोन्ही टिपून खरेदीच्या बिलाशी ताडावेत. ट्रेलर हे रस्त्यावरचे वाहन आहे, त्याची नोंद, कर आणि बोजा सगळे स्वतंत्र. विक्रीखतात ‘बोट व तिचे सर्व साहित्य’ एवढे मोघम लिहून भागत नाही. बोट, प्रत्येक इंजिन, ट्रेलर, टेंडर (बोटीबरोबरची छोटी होडी), जीवरक्षक तराफा हे सगळे क्रमांकांसह वेगवेगळे लिहून घ्यावे.

मालकीची साखळी कारखान्यापासून सुरू होते. बांधणाऱ्याचा दाखला, त्याचे पहिले बिल, मग प्रत्येक विक्रीखत, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या कागदातला घेणारा पुढच्या कागदात विकणारा. एक कडी तुटली की पुढचा प्रत्येक मालक लटकतो. मधला मालक वारला असेल तर सगळ्या वारसांची संमती किंवा न्यायालयाचा वारस दाखला हवा. मुखत्यार सही करत असेल तर मूळ मुखत्यारपत्र पाहावे: त्यात बोट विकण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, आणि देणारा आज हयात आहे का. ‘पुढच्या कागदावर मी सही करून ठेवली आहे, नाव तुम्ही भरा’ असे कोरे हस्तांतर पत्र हातात ठेवणाऱ्यापासून दूर राहावे. तो बहुधा मधला दलाल असतो आणि स्वतःचे नाव साखळीत येऊ देत नसतो. मूळ कागद हरवले म्हणून दुय्यम प्रत काढलेली असेल तर मूळ कागद सावकाराच्या तिजोरीत तर नाही ना, हा प्रश्न पहिला. बोट परदेशातून आली असेल तर आयात शुल्क आणि कर भरल्याची पावती मागावी. युरोपीय संघात बाहेरची खासगी बोट तात्पुरत्या सवलतीत बहुधा १८ महिन्यांपर्यंत कराशिवाय राहू शकते. अशी बोट त्या सवलतीतच कोणी तिथल्या रहिवाशाला विकली तर कराचा तगादा बोटीमागे लागतो.

इथपर्यंतचे सगळे कागदावर सापडते. खरी भीती पुढे आहे.

सागरी धारणाधिकार हा थकलेले देणे बोटीवरूनच वसूल करण्याचा असा हक्क आहे की त्याला नोंद लागत नाही, ताबा लागत नाही आणि मालक बदलल्याने तो मरत नाही. १९९३ च्या जिनिव्हा करारात अशा हक्कांची यादी आहे, आणि क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत वर कप्तान आणि खलाशांचे पगार, त्यांना घरी परत पाठवण्याचा खर्च धरून. मग बोट चालवताना झालेला मृत्यू किंवा इजा. मग संकटातून वाचवल्याचा मोबदला. मग बंदर, कालवा आणि वाटाड्याचे शुल्क. शेवटी बोटीने दुसऱ्याच्या मालमत्तेचे केलेले नुकसान, उदाहरणार्थ टक्कर. हे हक्क नोंदवलेल्या गहाणाच्याही आधी वसूल होतात. म्हणजे बँक रांगेत मागे आणि पगार थकलेला खलाशी पुढे. भारताच्या २०१७ च्या नौकाधिकरण (ॲडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरील दाव्यांच्या) कायद्यातही हेच पाच हक्क याच क्रमाने आहेत. तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार धारणाधिकार एका वर्षाने संपतो, मात्र पगाराचा हक्क दोन वर्षे टिकतो. त्याआधी बोट अटकेत येऊन तिची सक्तीची विक्री झाली तर गोष्ट वेगळी. हा कायदा अंतर्देशीय जलवाहनांना लागू नाही, त्यामुळे नदी वा तलावातल्या बोटीला हे नियम जसेच्या तसे लावू नयेत.

बिल थकवलेल्या दुरुस्तीवाल्याचे आणि इंधनवाल्याचे काय, इथे देशागणिक उत्तर बदलते. अमेरिकेत दुरुस्ती, इंधन, दोरखंड, अन्नसाठा अशा गरजेच्या वस्तू पुरवणाऱ्यालाही सागरी धारणाधिकार मिळतो, आणि तिथे त्याला ठरावीक मुदत नाही. दावेदाराने अवाजवी उशीर केला का, हे न्यायालय पाहते. इंग्लंडमध्ये आणि भारताच्या कायद्यात पुरवठादाराचा दावा त्या यादीत नाही. तिथे मालक खरोखर बदलल्यावर नव्या मालकाच्या बोटीवर हात टाकणे त्याला अवघड जाते. याचा अर्थ असा की बोट आज कुठे उभी आहे यापेक्षा गेली दोन-तीन वर्षे ती कुठे फिरली, हे जास्त महत्त्वाचे.

ते शोधायला एक चांगला मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. बोटीवर एआयएस यंत्र (बोटीची जागा रेडिओवरून आपोआप कळवणारे) असेल तर ती कुठे होती याचा माग इंटरनेटवरच्या सेवांकडे साठलेला असतो. यंत्राचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक रेडिओ परवान्यावर मिळतो. त्या क्रमांकाने मागच्या प्रवासाची बंदरे काढावीत आणि प्रत्येक बंदराला, मरीनाला (खासगी बोटी बांधून ठेवण्याच्या जागेला), इंधन धक्क्याला लेखी विचारावे: या बोटीच्या नावे काही बाकी आहे का? मरीनाची मंडळी फोनवर मोघम बोलतात, ईमेलला मात्र उत्तर देताना हिशेब उघडून पाहतात. एखादी बोट महिनोन् महिने एकाच जागी स्तब्ध दिसली तर ती तिथे का थांबली, हे विचारायलाच हवे. बिघाड, भांडण की अटक? यंत्र बंद ठेवले तर मागच तुटतो, हे खरे. पण लांबच लांब खंड दिसणे हीही एक माहितीच आहे.

खलाशी असलेल्या बोटीवर खलाशांशी बोलावे, आणि मालक जवळ नसताना बोलावे. ‘शेवटचा पगार कधी मिळाला?’ एवढा एक प्रश्न पुरे. शक्य असेल तर विक्रीच्या दिवशी प्रत्येकाकडून सर्व देणी मिळाल्याची सहीची पावती घ्यावी. लॉगबुकात दुसऱ्या बोटीने ओढत आणल्याची नोंद दिसली तर तिचे बिल मागावे. साधी मदत म्हणून सुरू झालेले ओढणे संकटातून वाचवल्याच्या मोबदल्याचा दावा होऊन उभे राहते. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात अशा मोबदल्याचा दावा करायला दोन वर्षे दिलेली आहेत.

यार्डाचा हक्क याच्या उलट आहे. दुरुस्तीवाल्याचा आणि बोट किनाऱ्यावर ठेवून घेणाऱ्याचा हक्क ताब्यावर उभा असतो: बोट त्याच्या आवारात आहे तोवर बिल दिल्याशिवाय तो सोडत नाही, एकदा पाण्यात उतरू दिली की तो हक्क बहुतेक ठिकाणी संपतो. शिवाय कित्येक मरीनांच्या करारात थकबाकी ठराविक काळ राहिली तर बोट विकण्याचा अधिकार असतो. त्यामुळे क्रेनखाली उभी असलेली बोट घेताना यार्डाचे ‘बाकी नाही’ पत्र पैसे देण्याआधी हवे, आणि त्यात आजपर्यंतची तारीख हवी. उतरवण्याचा खर्च कोणाचा, हे त्याच पत्रात लिहून घेतले तर पुढची खडाजंगी वाचते.

न्यायालयात शोध घेताना एक सोय आहे. बोटीविरुद्धचा दावा बहुतेक ठिकाणी बोटीच्याच नावाने चालतो, प्रतिवादी म्हणून तिचे नाव लागते. म्हणून उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मालकाच्या नावाबरोबर बोटीचे आजचे नाव आणि आधीची सगळी नावे टाकून पाहावीत. अटकेचा आदेश बोटीवर प्रत्यक्ष चिकटवण्याची पद्धत आहे, डोलकाठीवर किंवा चाकघराच्या काचेवर. पाहणीच्या दिवशी काचेवर गोंदाचे ताजे चौकोनी डाग दिसले तर ते कसले, हे विचारायला संकोच करू नये. न्यायालयाने स्वतः लिलावात विकलेली बोट मात्र सर्वसाधारणपणे जुन्या बोज्यांतून मोकळी होऊन येते. दावेदार मग लिलावाच्या रकमेवर हक्क सांगतात. परदेशी न्यायालयाचा लिलाव आपल्या नोंदवहीत मान्य होईल का, याची खात्री आधी करावी. यासाठीच संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये वेगळा करार संमत केला, पण तो कोणत्या देशांनी स्वीकारला आहे हे पाहूनच त्यावर विसंबावे.

विम्याची पॉलिसी मागावी. विकणारे ती बिनदिक्कत दाखवतात, कारण त्यात काही लपवण्यासारखे आहे असे त्यांना वाटत नाही. भरपाई कोणाला द्यायची, त्या रकान्यात बँकेचे किंवा वित्त कंपनीचे नाव असेल तर कर्ज आहे किंवा होते. याच पॉलिसीतून मागच्या दाव्यांची चौकशी करता येते. पूर्ण नुकसान म्हणून विमा कंपनीने पैसे दिलेली बोट कधी कधी कंपनीच्या मालकीची झालेली असते, आणि ती पुन्हा कोणी विकली त्याचा कागद हवा.

आता पैसे. बोटीवर कर्ज आहे म्हणून व्यवहार सोडायची गरज नाही. कर्ज उघड असेल तर ते सर्वांत सोपे ओझे आहे. बँकेकडून फेडीचे पत्र घ्यावे: मुद्दल, अमुक तारखेपर्यंतचे व्याज, त्यानंतर रोजचे व्याज, आणि ही रक्कम मिळाल्यावर अमुक दिवसांत गहाण उतरवून देऊ ही हमी. हे पत्र विकणाऱ्यामार्फत न घेता बँकेच्या शाखेतून घ्यावे आणि खाते क्रमांक शाखेला फोन करून पडताळावा. मग कर्जाची रक्कम थेट बँकेला, उरलेली विकणाऱ्याला. ‘माझ्या खात्यात टाका, मी भरतो’ याला नाही म्हणावे, तो सख्खा मित्र असला तरी. इसार एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत तिसऱ्याने पैसे सांभाळायचे खाते) किंवा वकिलाच्या विश्वस्त खात्यात ठेवावा. शोध घेतला त्या दिवसापासून आपली नोंद होईपर्यंतच्या फटीत नवे गहाण चढू शकते, म्हणून पैसे देण्याच्या दिवशी सकाळी उतारा पुन्हा काढावा आणि विक्रीखत त्याच दिवशी नोंदणीला द्यावे.

विक्रीखतात विकणाऱ्याने बोट सर्व गहाण, धारणाधिकार, कर आणि देण्यांपासून मोकळी असल्याची हमी द्यावी आणि विक्रीआधीच्या कारणाने दावा आला तर भरपाईची जबाबदारी घ्यावी. ‘जशी आहे तशी’ हे शब्द बोटीच्या अवस्थेपुरतेच आहेत, मालकी आणि बोज्याला ते लागू नाहीत, असे स्पष्ट वाक्य घालावे. नाहीतर वाद झाला की विकणारा तेच शब्द पुढे करतो. तरीही या हमीची किंमत विकणाऱ्याच्या ऐपतीइतकीच. ज्याची ही शेवटची मालमत्ता आहे, जो महिन्याभरात देश सोडणार आहे, किंवा जी कंपनी फक्त ही एक बोट बाळगण्यासाठी काढली आहे, त्यांच्या हमीने फार काही हाती लागत नाही. अशा वेळी किमतीचा काही भाग ठरावीक मुदतीपर्यंत एस्क्रोत अडकवून ठेवावा. धारणाधिकाराच्या मुदतीइतका काळ कोणी पैसे अडकू देणार नाही, पण बंदरांची आणि पुरवठादारांची बिले यायला दोन-तीन महिने लागतात, तेवढा काळ मिळवावा.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. जमिनीच्या व्यवहाराआधी वकील ज्या जाहीर नोटिसा देतात, तशीच नोटीस बोटीसाठीही देता येते. तिने सागरी धारणाधिकार संपत नाही, हे नोटीस देणाऱ्याने जाणून असावे. पण यार्ड, खलाशी आणि पुरवठादार त्यामुळे पुढे येतात. अशा नोटिशीत बहुधा बोटीचे आजचे नाव आणि मालकाचे नाव एवढेच असते, आणि ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला ही आपलीच बोट हे कळत नाही. जाहिरात विभागाने नोटीस स्वीकारताना आजचे व आधीचे नाव, नोंदणी क्रमांक, हल नंबर, लांबी आणि शेवटची तीन बंदरे, एवढे तरी मागून घ्यावे. जुन्या बोटींच्या छोट्या जाहिरातींतही नोंदणी क्रमांक आणि ‘कर्ज आहे / नाही’ हा रकाना ठेवता आला तर उतारा काढायला घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी सुरुवात करता येईल.

आपले,
बोटींच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रे तपासणारे काही वाचक